उतरताना कोमल धैवत

धुळे, १ जून २०२५

ती. सुनंदाअक्कास, निंबाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पाकीट पाहून तू आधी म्हणशील, याला फोनवर निरोप धाडता येत नाही का. पण तुझ्या नीलेशच्या फोनवर आलेलं आधी डिंपल सूनबाई वाचते, मग नीलेश, आणि उरलंसुरलं तुझ्यापर्यंत पोचतं, असं मागे तूच कळवलं होतंस. कागदाला मधले वाटेकरी नसतात. शिवाय मला मोबाइलवर जोडाक्षरं जमत नाहीत.

तर बातमी. मी गिटार शिकतोय. घे, हसून घे. दिवाळीपासून शिकतोय, लाजेनं बोललो नाही. कुंदन बंगळूरला नोकरीला गेला तेव्हा त्याची गिटार कपाटावर ठेवून गेला होता. प्रमिला होती तोवर दर शनिवारी तिच्यावरची धूळ पुसायची. ती गेल्यावर कुणी हात लावला नाही. दिवाळीत जळमटं काढायला स्टुलावर चढलो, झाडू लागला आणि तार वाजली. अक्का, त्या घरात कित्येक दिवसांत माझ्याशिवाय कुणी आवाज केला नव्हता. मी झाडू घेऊन तसाच उभा राहिलो.

देवपुरात प्रेमराज नावाचा एक तरुण शिकवणी घेतो. वर्गात सगळी शाळकरी पोरं आणि मी. पोरांना वाटतं, मी कुणाला तरी न्यायला आलोय. जन्मभर एसटीचं स्टिअरिंग धरून बोटं जाड झालीत, एक तार दाबायला जातो आणि दोन दबतात. पण संध्याकाळ जाते. संध्याकाळ फार मोठी असते इथं.

तुझी तब्येत कळव. लोभ पूर्वीचाच असू दे, हसणं थोडं आवर.

तुझा निंबा

---

जळगाव, ७ जून २०२५

चि. निंबास अनेक आशीर्वाद.

हसले, आणि मोठ्यानं हसले असणार, कारण डिंपल स्वयंपाकघरातून धावत आली. मला माझं हसू ऐकू येत नाही, त्यामुळे किती मोठं झालं ते तिच्या चेहऱ्यावरून ठरवावं लागतं. पोरगी गुणाची आहे. मला काही सांगायचं असलं की हातातलं काम ठेवून समोर येऊन उभी राहते. पण रोज कोण किती वेळ समोर उभं राहणार?

कानातलं यंत्र कपाटात ठेवून दिलंय. त्यातून माणसांचे शब्द थोडेफार कळतात, पण पेटी वाजवली की डब्यात खडे घातल्यासारखं येतं. मुलींच्या शाळेत इतकी वर्षं गाणं शिकवलं, त्यांचे सूर ठोकून सरळ केले आणि आता माझ्या कानात खडे. म्हणून मी ऐकणंच सोडलं. एक मात्र आहे. डोळे मिटले की आतले स्वर अजून जागच्या जागी आहेत. दुपारी सगळे झोपले की मी मनातल्या मनात सारेगम म्हणते. आतून अगदी स्वच्छ ऐकू येतं.

तेव्हा काय शिकतोस ते मला स्वर लिहून पाठव. शब्दांत नको, स्वरांत. मी ते वाचून ऐकीन. लहानपणी तुला पेटीवर बसवायचे तेव्हा खिडकीतून पळायचास, आता बरा सापडलास.

वेळेवर जेव. नुसत्या शेवभाजीवर राहू नकोस. मायेत काही कमी नाही, कळवणं कमी करू नकोस.

तुझी अक्का

---

धुळे, २० जून २०२५

ती. अक्कास सा. नमस्कार. वि. वि.

तुझा हुकूम शिरसावंद्य. प्रेमराजनं नवीन धडा दिलाय, मेलोडिक मायनर म्हणतात त्याला. तुझ्या भाषेत लिहितो. चढताना सा रे, कोमल ग, म प, शुद्ध ध, शुद्ध नी आणि वरचा सा. उतरताना मात्र नी कोमल, ध कोमल, मग प म, कोमल ग, रे सा. जायचं एका रस्त्यानं आणि यायचं दुसऱ्या.

सोपं जावं म्हणून मी एकाच तारेवर वाजवतो. दांडीवर आडव्या पट्ट्या असतात, दोन पट्ट्यांमधलं एक घर. एक घर सरकलं की अर्धा स्वर. काही घरांत पांढरे ठिपके असतात, खुणेसाठी. चढताना माझा ग ठिपक्यावर, म ठिपक्यावर, प आणि ध पण ठिपक्यावर. वरच्या सा ला दोन ठिपके, स्टँडावर मोठी पाटी असते तसे. उतरतानाचा ध मात्र ठिपका सोडून त्याच्या अलीकडच्या रिकाम्या घरात. तिथंच माझी गाडी चुकते. बोट हटकून ठिपक्यावर जाऊन बसतं.

प्रेमराज म्हणतो, काका, असं का होतं? मी त्याला काय सांगू? धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव. जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे. ज्या रस्त्यानं गेलो त्याच रस्त्यानं नोकरीभर परत आलो, फक्त पाटी उलटी करायची. बोटांनाही तेच वळण लागलंय. तुला आठवतं का, जळगाव स्टँडावर गाडी लागली की तू शाळा सुटल्यावर डबा घेऊन यायचीस आणि मी खात असताना माझ्याच गाडीत बसून पोरींच्या गाण्याच्या वह्या तपासायचीस?

स्वर वाचून कसे वाटले ते सांग. वाजवतो ते ऐकणारं इथं कुणी नाही. कुंदनला फोनवर ऐकवलं, तो छान पप्पा म्हणाला आणि त्याची मीटिंग सुरू झाली.

लोभ राहू दे, चुका पोटात घाल.

निंबा

---

जळगाव, २ जुलै २०२५

चि. निंबास अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. कारण सांगते, पण नीलेशला कळवू नकोस.

तुझं पत्र घेऊन गच्चीच्या जिन्यात बसले, डोळे मिटले आणि चढू लागले. नीट चढले. शुद्ध धैवत असा लागला की भरून आलं. वरच्या सा वर थांबले आणि उतरू लागले. कोमल निषाद जेमतेम लागला. पुढचा धैवत लागलाच नाही. पुन्हा चढले, पुन्हा उतरले, पुन्हा तिथंच अडले. त्या जागी नुसतं पांढरं. मी किती मुलींच्या गळ्यात तो स्वर बसवला, निंबा, आणि आता तो कसा असतो हेच मला आठवेना. रोज बसते. रोज तेच.

कान गेले तेव्हा मी रडले नव्हते. म्हटलं, बाहेरचं दार लागलं, आत सगळं शाबूत आहे. आता आतलंही एकेक करून जाणार असेल तर मग मी कुठं बसू? मला भीती वाटते. माणसांत असून इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

तू शीक, सोडू नकोस. पण मला स्वर लिहून पाठवू नकोस.

अक्का

---

धुळे, १० जुलै २०२५

ती. अक्कास सा. नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून दिवसभर गिटारीला हात लावला नाही. स्वर लिहीत नाही. दुसरंच लिहितो.

नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाईमाता बसेल. आपल्याकडची रीत तुला मी काय सांगावी. घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे, त्याचे रोट करायचे, ते घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. गेल्या वर्षी मी सुपासमोर बसलो आणि सवयीनं तीन नावं घेतली. कुंदन, निंबा, प्रमिला. तिसरी मूठ पडल्यावर ध्यानात आलं. काढून घ्यायला हात होईना. कुंदनला रजा मिळाली नाही. भाऊबंदांच्या घरी त्यांचे त्यांचे रोट, माझे कोण खाणार? परक्याला द्यायची सोय नाही. तीन माणसांचे रोट मी एकटा दुधात कुस्करून पौर्णिमेपर्यंत खात होतो. शेवटच्या दिवशी घास गिळवेना.

यंदा तू ये. गिटार ऐकायला नको, जेवायला ये.

वाट पाहतो, एवढाच लोभ.

निंबा

---

जळगाव, १७ जुलै २०२५

चि. निंबास अनेक आशीर्वाद.

तुझं वाचून जीव तुटला. पण मी येऊन काय करू? लग्न होऊन गेलेल्या लेकीची मूठ माहेरच्या सुपात नसते. कौतिकनाना भाऊबंदांत वडील, त्यांना हे चालायचं नाही. आणि दुसरं खरं कारण असं, की ज्या कानबाईसमोर मी पहाटेपर्यंत गाणी सांगायचे आणि बायका मागून म्हणायच्या, तिथं मी भिंतीला टेकून नुसती तोंडं बघत बसू? लोक माझ्या कानाशी येऊन ओरडतात, मग एकमेकांकडे बघून हसतात. मीही हसते. कशाला हसले ते मला कळत नाही.

मला आग्रह करू नकोस. कुंदनला आताच रजा टाकायला सांग.

माया आहे, पाय निघत नाही.

अक्का

---

धुळे, २३ जुलै २०२५

ती. अक्कास सा. नमस्कार. वि. वि.

कौतिकनानांकडे जाऊन आलो. ते आधी कपाळाला आठ्या घालून बसले. मग म्हणाले, इतकी वर्षं कानबाईनी गाणी कोणी सांगी? ती आपलीच शे. आणि चहा प्यायला लागले. दुसऱ्यांदा विचारायची माझी छाती झाली नाही.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सकाळच्या धुळे गाडीवर लताबाई वाहक आहेत, माझ्याच डेपोच्या. त्या तुला खिडकीशी बसवतील, कानाशी ओरडणार नाहीत, मी बजावून ठेवलंय. नीलेशला स्टँडापर्यंत सोडायला सांग. कुंदनला यंदाही रजा नाही. नाही म्हणायचं असेल तर इथं येऊन म्हण.

निंबा

---

जळगाव, ८ ऑगस्ट २०२५

चि. निंबास अनेक आशीर्वाद.

काल सुखरूप पोचले. डिंपलनं समोर उभं राहून सगळं विचारलं आणि मी सगळं सांगितलं. दोन गोष्टी तेवढ्या ठेवून घेतल्या. त्या तुझ्यासाठी.

पहिली. दळणाचे गहू काढताना तू सूप घेऊन माझ्यासमोर बसला होतास. तुला वाटलं, हिला काय ऐकू येणार. पण बहिऱ्या माणसाला ओठ वाचायची खोड लागते. कुंदन म्हणालास, निंबा म्हणालास, आणि तिसरी मूठ भरून सुनंदा म्हणालास. अक्का नाही, सुनंदा. आपली आई त्या सुपात मूठ टाकताना म्हणायची तसं. माझं लग्न झालं त्या वर्षापासून ते नाव तिथं कुणी घेतलं नव्हतं. तेव्हाच सांगितलं असतं तर रडले असते आणि तू घाबरून चहा ठेवायला पळाला असतास.

दुसरी तुझ्या गिटारीची. कानबाईला पांझरा नदीवर पोचवून आलो, तू गिटार काढलीस, माझा तळहात तिच्या लाकडावर ठेवलास आणि वाजवायला लागलास. खोटं लिहीत नाही, निंबा, मला स्वर आला नाही. हाताला मुंग्या आल्या, तेवढंच. तुझ्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून मी बोटाकडे बघत बसले. चढलास. दोन ठिपक्यांवर जाऊन थांबलास. उतरताना तुझं बोट सरळ जाऊन ठिपक्यावर बसलं आणि माझा हात आपोआप उठून तुझ्या बोटांवर पडला. तू असा दचकलास की मला हसू आलं. तुला वाटलं, मला ऐकू आलं. ऐकू नव्हतं आलं रे, दिसलं होतं. ठिपक्यावर नाही, अलीकडे. हे तूच मला लिहिलं होतंस.

मग किती वेळा चुकलास आणि किती वेळा फटका खाल्लास, मोजलं नाही. शेवटी बोट ठिपका सोडून बसलं तेव्हा तू वर पाहिलंस, लहानपणी पेटीवर एखादी ओळ जमली की पाहायचास तसं. तेवढा वेळ मी बहिरी आहे हे विसरले होते. मी गाण्याची बाई होते. कानबाईसमोरही गाणी सांगणाऱ्या भागाबाईच्या ओठांवरून मी दोन गाणी धरली, ते तू पाहिलंस की नाही कोण जाणे. तू बायकांना चहा देण्यात गुंतला होतास.

परत येतानाही लताबाईंचीच गाडी होती, खिडकीला डोकं टेकून बसले होते. काच थरथरत होती. पारोळा गेलं. तुझं बोट डोळ्यांपुढून जात नव्हतं. दोन ठिपके, तिथून खाली, आणखी खाली, ठिपका सोडून रिकाम्या घरात. आणि एरंडोलच्या अलीकडे तो आला. कोमल धैवत. कुणी न बोलावता आला आणि अगदी जागच्या जागी. मी हलले नाही, म्हटलं, हललं की जाईल. मग हळूच पंचमावर आले, मग खाली, खाली, सा पर्यंत. लताबाईंनी वाकून काही तरी विचारलं. काय विचारलं ते कळलं नाही, मी मान हलवली. जळगाव येईपर्यंत मी चढत होते आणि उतरत होते.

तो किती दिवस राहील ते माहीत नाही. उद्या पुन्हा जाईलही. तेव्हा आता प्रत्येक पत्रात स्वर लिही, आणि कुठलं बोट कुठल्या घरात ठेवलंस तेही लिही. चुकलास तर चूकही लिही. दसऱ्याला येते. तुझ्या संध्याकाळी मोठ्या असतात म्हणालास, माझ्या दुपारी. बघू किती कमी होतात.

निघताना तू पिशवीत घातलेला रोट आज सकाळी काढला. उद्या पौर्णिमा. डिंपलनं एक तुकडा मागितला. मी तिला सांगितलं, तुला चालायचा नाही गं, हा आमच्या घरचा आहे. आणि जिन्यात बसून सगळा एकटीनं खाल्ला.

आहे ती माया पोचती करून घे.

तुझी
सुनंदा