पाठमोऱ्या दृश्याची दुरुस्ती

रवि., ६ एप्रिल
विहिरीच्या भयपटाचं परीक्षण आज पुरवणीतल्या माझ्या सदरात आलं. संपादक चौधरी सरांनी एक शब्दही कापला नाही, याचंच नवल.
त्या प्रसंगावर फार लिहिलं का? विहिरीत ढकललेली बाई रात्री वर येते. अंगावर कपडा नाही, नुसता चिखल. पाठमोरी, गावातून घराकडे चालत जाते. ओट्यांवरची माणसं एकेक करून मान खाली घालतात. एरवी भयपटात बाई न्हाणीघरात शिरली की समजावं, हिचे दिवस भरले. आधी दाखवायचं, मग मारायचं. इथे तसं नाही. मी लिहिलं : भीती भुताची नाही, बघणाऱ्यांची आहे. नायिका पाठीने अभिनय करते.
खाली नेहमीची 'घरात पाहताना' टीप. एक विवस्त्र दृश्य, पाठमोरं, मुलांसोबत नको. अनिल म्हणतो, लोक टीप आधी वाचतात आणि मग सिनेमा शोधतात. नवऱ्याला असं बोलायला काय जातं. पण खोटं नाही.
तो प्रसंग मी बऱ्याच वेळा मागे घेऊन पाहिला. लिहिण्यासाठी. (लिहिण्यासाठीच?)

मंगळ., ८ एप्रिल
नायिकेने माझा परिच्छेद समाजमाध्यमावरच्या स्वतःच्या पानावर टाकलाय. वर तिचं म्हणणं, ही चाल माझी मी शोधली, किती दिवस सराव केला. स्टाफरूममध्ये पेढे. भूगोलाच्या बाईंचं नाव मुंबईपर्यंत गेलं. पाटील सर : "मॅडम, पुढच्या आठवड्याची टीप आत्ताच सांगून ठेवा, वायफायचं बघायला बरं." सगळे हसले. मीही हसले. का हसले?

बुध., ९ एप्रिल
दुपारी अनोळखी नंबर. धुळ्याहून एक बाई. आधी नीट पुस्तकी मराठी. परीक्षण वाचलं, कॉलेजातून नंबर घेतला, वेळ आहे का. मग एकदम अहिराणीत म्हणाली, "ताई, ती पाठ मनी शे."
पाठ तिची; नायिका त्या रात्री सेटवरही नव्हती म्हणे. ही तिच्या जागी उभी राहणारी. मुंबईत बरीच वर्षं हेच काम : कुणाची पाठ, कुणाचे पाय, कुणाच्या जागी पाण्यात. आता ते सोडलंय. देवपुरात मुलींच्या वसतिगृहात देखरेखीला असते. तिथे कुणाला माहीत नाही. कळलं तर नोकरी त्याच दिवशी जाईल.
मग काय हवंय, विचारलं. दुरुस्ती. ती पाठ नायिकेची नव्हती, एवढं छापून यावं. तिचं नाव नको, गाव नको.
म्हणाली, इतकी वर्षं काम केलं, त्यावर कुणी चार ओळी लिहिल्या त्या पहिल्यांदाच. आणि त्या दुसरीच्या नावावर गेल्या.
तिचं नाव इथेही लिहीत नाही.

गुरु., १० एप्रिल
खरं कशावरून? दिवसभर हाच विचार. प्रसंग पुन्हा लावला. चेहऱ्याचा शॉट वेगळा, पाठीचा वेगळा, मधे अंधार. दिसत होतं की. इतकी वर्षं सिनेमावर लिहितेय आणि माझ्या लक्षात आलं नाही, कारण मी पाठ बघत होते. बाई बघतच नव्हते.
चौधरी सरांना फोन केला. चूक झालीय, दुरुस्ती हवी म्हटलं. त्यांचा पहिला प्रश्न : तुम्हाला कोण सांगतं हे? मला खोटं बोलता येत नाही, याचा मला उगाच अभिमान. मी सांगून टाकलं, "आपल्याच भागातली आहे, धुळ्याची."
मग त्यांचा आवाजच बदलला. "अहो मॅडम, मग ही दुरुस्ती कसली? ही पहिल्या पानाची बातमी आहे. खान्देशची लेक!"
मी नाही म्हणत राहिले. ते म्हणाले, बघू.

शुक्र., ११ एप्रिल
धुळ्याच्या वार्ताहराला सरांनी 'जरा चौकशी' करायला सांगितलंय. स्वतःच मला सांगितलं, सहज, चांगली बातमी द्यावी तसं. तिला फोन करून सांगणं भाग होतं. केला. रागावली नाही, तेच जास्त लागलं. म्हणाली, "या एकदा. फोनवर नको."

रवि., १३ एप्रिल
धुळे. एस.टी.त पारोळ्यापर्यंत उभी. बसस्टँडजवळच्या रसवंतीत भेटलो, भर दुपारी, कारण त्या वेळी तिथे कुणी नसतं. माझ्याच वयाची. साधी सुती साडी, केस घट्ट बांधलेले. मी तिच्याकडे बघताना सारखी चुकत होते. नजर खांद्याकडे जायची. तिने ते पाहिलं. पदर ओढून घेतला.
वार्ताहर अजून वसतिगृहावर आलेला नाही. शहरात तीन-चार ठिकाणी विचारून गेलाय.
त्या चालीचं विचारलं. दिग्दर्शकाने सांगितलं होतं, भुतासारखी चाल. हिला ते पटेना. लहानपणी नदीवर धुणं धुऊन ओल्या कपड्यांत वर यायच्या बायका, वाटेवर माणसं बसलेली. तिची आत्या तिला सांगायची, तेच तिने तसंच्या तसं म्हणून दाखवलं : "पळाली का बठ्ठा दखतस. हळू चालनी का तेस्लेच लाज वाटस."
पळालं की सगळे बघतात, हळू चाललं की त्यांनाच लाज वाटते; म्हणून ती हळू चालली. मी ज्याला नायिकेची समज म्हटलं, ती ही.
मी म्हटलं, पुरावा नसेल तर सर छापणार नाहीत, नायिकेची माणसं नोटीस पाठवतील. तिने फोन काढला. मेकअपवाल्या बाईने काढलेला फोटो : चिखल कुठे कसा लावलाय ते दुसऱ्या दिवशी जुळवायला. पाठ, कंबर, सगळं. डाव्या खांद्यावरून उतरलेला चिखलाचा पट्टा, सिनेमात आहे तसाच. समोर आरसा, आरशात तिचा चेहरा. हसतेय. थकलेली आणि हसतेय.
मी म्हटलं, चेहरा कापून देऊ.
"मग ती कोनी बी पाठ व्हई जाई."
कुणाचीही पाठ नको होती तिला; चेहऱ्यासकट फोटो माझ्या फोनवर पाठवला. संपादकाला दाखवा म्हणाली, छापू नका.

मंगळ., १५ एप्रिल
फोटो पाठवला नाही. दोन दिवस फोन उशीखाली.
सरांना पाठवला की तो त्यांच्याकडे राहणार. तिथून वार्ताहराकडे, 'फक्त ओळख पटवायला'. मग पुढे कुणाकडे? सिनेमात त्या पाठीला गोष्ट होती, अंधार होता, माना खाली घालणारी माणसं होती. इथे यातलं काही नाही. न्यूजडेस्कवर चहा पिणारे चार पुरुष.
अनिल म्हणाला, "तिने परवानगी दिलीय ना? मग तू कोण अडवणारी?"


बुध., १६ एप्रिल
तिचा फोन. दाखवला का? नाही म्हटलं, कारणं सांगितली. सगळं ऐकून घेतलं. मग :
"ताई, लाज माले नही. तुमले शे."

म्हणाली, वार्ताहर आज वसतिगृहावर येऊन गेला. हिलाच विचारलं, इथे कुणी सिनेमात काम केलेली बाई आहे का. हिने त्याला पाणी दिलं आणि नाही म्हणून सांगितलं. उद्या तो रेक्टरला भेटणार आहे. म्हणजे नाव तर तसंही फुटणार, आणि फुटेल ते नुसतं 'कपडे काढणारी' म्हणून. त्याआधी काम छापून येऊ दे.
तिचं बरोबर आहे.

गुरु., १७ एप्रिल
रविवारच्या पुरवणीची पानं आज लावतात. वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर बाकावर बसून लिहितेय, वही पिशवीत होतीच. मजकूर सोबत : "त्या दृश्यातली पाठ नायिकेची नव्हती. ती चाल जिने शोधली, तिचं नाव मला माहीत आहे, सांगणार नाही. मी केलेली स्तुती तिची आहे." एवढंच. वार्ताहराला परत बोलवा, नाहीतर सदर आजपासून बंद, हेही बोलायचं ठरवलंय.
सकाळी तिला कळवलं : फोटो पाठवणार नाही. माझ्या हातातल्या फोनवर दाखवीन, एकट्या सरांना, आणि लगेच पुसून टाकीन. तिचं उत्तर एकच शब्द, "दखाडा." सरांनाही फोनवर सांगितलंय, पुराव्याचा फोटो घेऊन येतेय, बघायचा तुम्ही एकट्यानेच.
दार अर्धं उघडं आहे. आत सर आहेत, शिवाय आणखी दोघं. पैकी एक पान लावणारा, एक ओळखीचा नाही. धुळ्याचा तर नव्हे?
सरांनी मला पाहिलं. त्या दोघांना बाहेर पाठवतील असं वाटलं. त्याऐवजी माझ्यासाठी त्यांच्याच बाजूची खुर्ची ओढली. चष्मा पुसताहेत.
"या मॅडम, या. आणलाय ना?"