केसाएवढं पांढरं

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, एका सायंदैनिकात एकतीस वर्षे ‘टाचणी’ या नावाने रोजचे व्यंगचित्र काढलेली, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, स्वतःच्या डाव्या हाताने, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. शुद्धीत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. तो देताना त्यांनी मला आजचा वार दोनदा विचारला, त्यावरून तो त्यांना तरी ठाऊक होता का, याची मला शंका आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पुतण्या बाहेरच्या खोलीत मघापासून वर्तमानपत्राचं एकच पान वाचत बसला आहे, पण मधलं दार मी लावून घेतलं आहे.

याआधी मी काही लिहून दिल्याचा कागद कोणी पुढे केला, तर तो खोटा समजावा.

कलम १. घराचा खालचा मजला माझ्या पश्चात पुतण्यास मिळावा. तो वाईट नाही. भेटायला आला की बोलता बोलता भिंती बोटाने वाजवून बघतो, एवढंच. त्याला वाटतं माझं लक्ष नसतं. माणसं कशी उभी राहतात आणि हात कुठे ठेवतात, हे बघण्यावरच माझं पोट चाललं, हे तो विसरतो.

कलम २. बँकेतली ठेव मुलींच्या चित्रशाळेस द्यावी. शाळेच्या समितीस देऊ नये. समितीतल्या दोघांची मी चित्रं काढलेली आहेत, तेव्हा मी त्यांना जवळून ओळखते.

~~कलम ३. माझ्या नणंदेस वरच्या खोलीत तहहयात राहू द्यावे. मात्र माझ्या टेबलाच्या खणास तिने हात लावू नये. खणाची किल्ली माझ्या गळ्यात आहे, ती माझ्याबरोबरच जावी.~~

हे कलम गेल्या आठवड्यात लिहिलेलं, ते मी आता खोडलं आहे. वकीलबाई म्हणाल्या, सगळं नव्याने स्वच्छ लिहू. मी नको म्हटलं. जन्मभर चुकीच्या रेघेवर पांढरा रंग फासून ती लपवली, आता एक चूक उघडी राहू दे. खोडण्याचं कारण पुढे येईल.

कलम ४. माझे टाक, निबा आणि शाईच्या तीन बाटल्या यांबद्दल कलम ७ पाहावे.

कलम ५. वर्तमानपत्राच्या कार्यालयाबाबत. हे कलम लांबणार आहे.

कार्यालय नव्या इमारतीत जात आहे. तिथल्या दारातल्या भिंतीवर माझं ‘खुर्ची’ हे चित्र मोठं करून लावायचं आणि खाली माझं नाव पितळेत कोरायचं, असं त्यांनी ठरवलं आहे. ज्या कार्यालयात पहिली नऊ वर्षं मला येणारी पत्रं ‘टाचणीसाहेब’ म्हणून येत आणि ती चूक दुरुस्त करावी असं कोणालाही वाटलं नाही, त्यांना आज माझा एवढा पुळका का यावा? मी कारण शोधत होते. तेवढ्यात गेल्या महिन्यात शिपायाने माझी जुनी मूळ चित्रं पोत्यात भरून आणून दिली. मृत्युपत्रासाठी यादी करायची म्हणून मी भिंग घेऊन एकेक पाहू लागले.

‘खुर्ची’ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कापडाच्या दुकानाची काच. काचेआड खुर्चीवर ऐटीत बसलेला प्लास्टरचा पुतळा, आणि शेजारी हात जोडून उभी असलेली विक्रेती. पुतळा तिला म्हणतो, “तुम्ही दमला असाल तर सांगा, मी जरा सरकून बसतो.” त्या काळी दुकानातल्या मुली सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत उभ्या असत. बसलं तर पगार कापला जाई. त्यावर तीन अग्रलेख येऊन गेले होते आणि मालक ते वाचून चहा पीत. हे चित्र आल्यावर गिऱ्हाईक बायका कात्रण पर्समधून नेऊन गल्ल्यावर ठेवू लागल्या. मालक हसला. हसल्यावर त्याला तोंड वर करून ‘नाही’ म्हणता येईना. सहा महिन्यांत गावातल्या दुकानांत स्टुलं आली.

माणूस हसला म्हणजे त्याला पटलं, असं मी कधीच मानलं नाही. हसून सोडून देणारेच जास्त. पण हसताना माणूस घटकाभर बेसावध असतो, आणि त्या घटकेत त्याच्या दुकानात स्टूल ठेवून घ्यावं लागतं. एवढंच माझ्या धंद्याचं मर्म आहे.

आता कबुली. ते चित्र मी काढलेलं नाही.

चौतीस वर्षांपूर्वी पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी मी अकरा दिवस दवाखान्यात होते. परत आले तेव्हा कळलं की एकही दिवस ‘टाचणी’ चुकली नव्हती. संपादक म्हणाले, “बाई, आजारपणात हात चांगलाच सुटला की तुमचा.” मला वाटलं, हा टोमणा आहे. माझ्या जागी कोणी पुरुष बसवून पाहिला आहे आणि आता माझा चेहरा बघतो आहे. मी फक्त मान डोलावली. रोज घरून चित्र नेणाऱ्या शिपायाला विचारावं, तर तो संपादकांचा कान. घरी येऊन पाहते तर टाकाची निब फाकलेली, शाईची बाटली अर्धी झालेली. आमचे हे दवाखान्यात माझ्यापाशी, घरात नणंद एकटीच होती. म्हणजे हिनेच त्या माणसाला माझ्या टेबलाशी आणून बसवलं, असं मी धरून चालले. त्याच संध्याकाळी खणाला कुलूप लावलं. तेव्हापासून आम्ही दोघी एका घरात गॅस, दूध आणि दाराची कडी याखेरीज बोललो नाही. आमचे हे गेले त्या आठवड्यातही नाही.

आणि ‘खुर्ची’चं कौतुक मात्र मी घेत राहिले. भाषणं केली, शाली घेतल्या. रोज वाटे, तो माणूस कधीतरी उठून उभा राहील. प्रत्येक सभेत मी मागच्या रांगेतल्या पुरुषांकडे बघत असे.

परवा भिंगाखाली ते मूळ चित्र धरलं. मी डावखुरी, माझ्या सावलीच्या तिरक्या रेघा वरून उजवीकडे उतरतात. चित्रात सगळीकडे तशाच होत्या, फार मेहनतीने काढलेल्या. फक्त खुर्चीखाली, जिथे कोणी बघत नाही, तिथे त्या उलट्या झुकल्या होत्या. तिथे काढणारीचा उजवा हात थकला असावा. मग पुतळ्याच्या काळ्या कोटाकडे पाहिलं. काळी शाई बाहेरच्या रेघेला टेकलेली नव्हती. मधे केसाएवढं पांढरं होतं, सगळ्या बाजूंनी.

ते पांढरं मी ओळखते. लग्नानंतरची कितीतरी वर्षं नणंद रात्री दुकानातल्या नोकरीवरून येई, सुजलेले पाय गरम पाण्याच्या घमेल्यात सोडून याच टेबलाशी बसे आणि माझ्या चित्रांत काळं भरून देई. एकदा तिची शाई रेघेबाहेर गेली तेव्हा मी तिला नको इतकं बोलले होते. तेव्हापासून ती रेघेला शाई टेकवत नसे. ती कड मी मागून भरून घेत असे. अकरा दिवसांतला रविवार सुट्टीचा; उरलेल्या दहा चित्रांत मागून भरायला मी नव्हते.

मी तिला हाक मारून वरून खाली बोलावलं. ती आली, चित्र पाहिलं आणि बसली. मी विचारलं, का केलंस.

“वहिनी, अकरा दिवस जागा रिकामी राहिली असती. बाईची जागा एकदा गेली की परत कोण देतं?”

मग मला सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं. दुकानात कळलं असतं तर तिची नोकरी गेली असती, हे मला सुचलं होतं. मी ते तिच्या तोंडात घालूनही पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली.

“तू घरी आलीस त्या संध्याकाळी सांगणार होते. तू कुलूप घेऊन आलीस.”

मी रडले. हे मृत्युपत्रात लिहायचं कारण नाही, असं वकीलबाईंचं मत आहे. माझं आहे.

तेव्हा ‘खुर्ची’ भिंतीवर लावायचं असल्यास खाली माझ्या नणंदेचं पूर्ण नाव कोरावं. त्या काळातली उरलेली नऊ चित्रंही तिचीच आहेत, यादी सोबत जोडली आहे. हे मी तिला देत नाही, तिचं होतं ते परत करते आहे. कार्यालयास हे गैरसोयीचं वाटल्यास भिंत मोकळी ठेवावी. ते गुपचूप माझंच नाव लावतील, असा मला दाट संशय आहे, म्हणून या कागदाची प्रत मी दुसऱ्या वर्तमानपत्राकडे पाठवून ठेवली आहे.

कलम ६. वरची खोली नणंदेच्या नावे करायची म्हणून मी नवं कलम लिहायला घेतलं होतं. वकीलबाई म्हणाल्या, त्या साक्षीदार म्हणून सही करणार असतील तर त्यांना मृत्युपत्रातून काही घेता येणार नाही, दोन्हींपैकी एक ठरवा. नणंद लगेच म्हणाली, “मग खोली राहू दे. मला सही करू दे.” यात तिचा काय फायदा, हे मी बराच वेळ शोधलं. चौतीस वर्षांची सवय आहे. काही सापडलं नाही. खोलीचं बक्षीसपत्र मी जिवंतपणीच करून देत आहे. वकीलबाई गुरुवारी कागद आणणार आहेत. तोवर मी मरणार नाही, याची पुतण्याने नोंद घ्यावी.

कलम ७. टाक, निबा आणि शाई कोणालाही मिळणार नाहीत, कारण खणाची किल्ली मी आज सकाळीच नणंदेच्या हातात दिली. तिने खण उघडला आणि पहिल्यांदा विचारलं की ती जुनी फाकलेली निब अजून आहे का. आहे. पुरावा म्हणून ठेवली होती.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, मला समजला, आणि खाडाखोडीसकट मान्य आहे.

ठिकाण: स्वयंपाकघरातलं टेबल. मंगळवार, सकाळचे साडेअकरा. तारीख वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे, ती मी पडताळून पाहिली.

मृत्युपत्र करणारी: (सही) टाचणी

साक्षीदार पहिले: (सही) डॉक्टर. वार यांनी या वेळी बरोबर लिहिला आहे.

साक्षीदार दुसऱ्या: (सही) नणंद, व्यंगचित्रकार, पूर्वी कापडाच्या दुकानात विक्रेती.

ता. क. दुसऱ्या साक्षीदाराची सही खालच्या ओळीला टेकलेली नाही. मधे केसाएवढं पांढरं आहे. सही अस्सल आहे, मी भिंगातून पाहिली.