शुक्रवारची पंगत

चि. अभिमन्यू, अनेक आशीर्वाद.

कॅनडाला पुन्हा ये म्हणालास, तेव्हा फोनवर मी "नको रे, तिथं करमत नाही" म्हटलं. ते खोटं होतं.

तुमच्या त्या आठशे वस्तीच्या गावात दर शुक्रवारी सगळे घरून रांधून आणायचे आणि सभागृहात एकत्र जेवायचे. मटणाचा डाव भाजीला लागेल म्हणून मी पहिल्यांदा उपाशीच बसले. पुढच्या शुक्रवारी शेजारच्या मार्गारेटबाईंनी माझ्यासाठी वेगळं टेबल मांडलं, नवा डाव ठेवला आणि माझ्याजवळ भाकरी-शेंगाचटणी खात बसल्या. नाक पुसत, मी शिकवलेलं "लई तिखट, लई तिखट" म्हणत पुन्हा ताट पुढं करायच्या.

तुझे बाबा गेल्यापासून सोलापुरात मी एकटीच जेवते. तुझ्यावर भार नको, म्हणून हे पत्र टाकणार नाही. पण पुन्हा एकदा विचार की रे.

तुझी वाट बघणारी,
आई