घंगाळावरचे नाव

मी, श्रीमती रत्नमाला शांतवन पारखे, वय ७७ वर्षे, निवृत्त परिचारिका, राहणार छावणी, छत्रपती संभाजीनगर, आज शनिवारी सकाळचा चहा झाल्यावर हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. डोके मात्र मूळचेच आहे आणि शाबूत आहे. कोणी मला धाक, लालूच किंवा गोड बोलणे यांपैकी काहीही दाखवलेले नाही. २०१४ साली मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात वाटणी कमी आणि माझे कौतुक जास्त होते. ते रद्द समजावे.

कलम १. दोन खोल्या आणि अंगण असलेले राहते घर मुलगी मोनिका व मुलगा विश्वजीत यांना निम्मे-निम्मे. विकायचे असल्यास न भांडता विकावे. अंगणातला कढीपत्ता आजूबाजूची सगळी घरे तोडून नेतात, हे घेणाऱ्याला आधी सांगावे.

कलम २. बँकेतल्या ठेवीतून माझ्या दफनविधीचा खर्च करावा. उरेल ते दोघांचे.

कलम ३. रक्तदाब मोजायचे यंत्र व स्टीलच्या दोन कात्र्या नात सायली हिला. ती नर्सिंग शिकते आहे. कात्रीने कागद कापू नये. वॉर्डात शिरताना चपला वाजवू नयेत. माझ्या चपलांच्या आवाजाने आया उठून उभ्या राहत आणि मला ते फार आवडे. तिला आवडू नये.

कलम ४. १९९८च्या नाताळात चर्चच्या अंकात माझी केकची कृती दुसऱ्या बाईंच्या नावाने छापून आली. त्या बाईंना माफ केले आहे. त्यांचा केक बसला होता, एवढे नोंदवून हा विषय संपवते.

कलम ५. माझ्या पलंगाखाली एक पितळी घंगाळ आहे. त्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुतात. प्रभू येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. जो मोठा त्याने खाली वाकावे, हा तिचा अर्थ. आम्ही मात्र पाय धुवून घेणे हाच मान करून ठेवला. बारा खुर्च्यांवर कोण बसणार, यावरून महिनाभर आधी फोन सुरू होतात. पहिल्या खुर्चीवर मी सोळा वर्षे बसले. बुधवारी गरम पाण्यात पाय बुडवायचे, वज्रीने टाचा घासायच्या, खोबरेल चोळायचे आणि गुरुवारी मोजे घालून जायचे. म्हणजे पाय धुवून घ्यायला मी पाय धुऊनच जात असे. पाळकसाहेबांना एवढेच बजावायचे राही : "पाणी कोमट ठेवा."

२००९ साली मी गुलमंडीतून हे घंगाळ घेतले आणि चर्चला भेट दिले. नाव घालणाऱ्याला मजकूर दिला : 'सिस्टर रत्नमाला शांतवन पारखे, मेट्रन, यांजकडून नम्र भेट.' तो म्हणाला, "मौसी, इत्ता लंबा नाम है तो बर्तन बड़ा लेव." मी मोठे घेतले. भरल्यावर ते दोघांशिवाय हलत नाही. आजवर तीन पाळकांच्या कमरा त्याने धरल्या. आणि कोणी आपटून नावाला पोचा पाडू नये म्हणून वर्षभर ते माझ्याच घरी राहते.

आता लीलाबाई. ही माझी धाकटी जाऊ, पैठणकडच्या खेड्यातून लग्न होऊन आलेली. मी तिला माझ्या वॉर्डात आया म्हणून लावले आणि पुढे तीस वर्षे त्याची आठवण करून दिली. वॉर्डाची फरशी पुसताना फिनेलच्या पाण्यात उभे राहून तिच्या टाचांना भेगा पडल्या. २०११ साली बाराव्या खुर्चीसाठी तिचे नाव निघाले. मी त्या वेळच्या पाळकांकडे गेले आणि सांगितले, "तिच्या पायांना संसर्ग आहे. नर्स म्हणून सांगते, सगळ्यांबरोबर नको." टाचांच्या भेगा एकाच्या दुसऱ्याला होत नाहीत, हे मला पक्के माहीत होते. माझ्या वॉर्डातली आया माझ्याच रांगेत बसणार, हे मला सोसवले नाही. तिच्या जागी मी विश्वजीतला बसवले. त्याच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. देवाने तेवढी गंमत करून घेतली.

तीन वर्षांपूर्वी माझे गुडघे बदलले आणि हात पायांपर्यंत पोचेनात. मोनिका पुण्याला, विश्वजीत नाशिकला. नखे वाढत होती. मी कोणाला बोलले नाही. एका शनिवारी लीलाबाई आली, पलंगाखालून घंगाळ ओढले आणि पाणी ओतून खाली बसली.

"राहू दे गं."

"उगं मेट्रनगिरी करू नका, बाई. पाय सोडा."

"अगं, ते चर्चचं आहे."

"मंग? चर्चात काय भाकरी थापत्यात व्हय ह्याच्यात?"

तेव्हापासून तिचा एकही शनिवार चुकलेला नाही. म्हणून हे घंगाळ लीलाबाईला द्यावे आणि देताना हे कलम तिला वाचून दाखवावे. मी तिची माफी मागते.

कलम ६. दफनाच्या वेळी माझ्या नम्रतेवर कोणीही बोलू नये. ज्यांना माहीत आहे ते हसतील आणि प्रसंगाला शोभणार नाही. दगडावर फक्त नाव आणि दोन तारखा. 'मेट्रन' लिहू नये.

पुरवणी. इथवर लिहून मी कागद शेजारचे राजेंद्र वकील यांना दाखवले. ते म्हणाले, "वाटणी चोख आहे. पण पाचवं कलम ही कबुली आहे, बाई. ती मेल्यावर कशाला?"

"तोंडावर सांगायचा धीर होत नाही."

"मेल्यावर माफी मागितली की उत्तर ऐकायला लागत नाही. सोय चांगली आहे."

वकील माझ्या विश्वजीतहून लहान आहेत. मला दोन मिनिटे राग आला. मग लक्षात आले की माफी मागतानाही मी आधी स्वतःची खुर्ची बघितली होती. आज शनिवारच असल्याने लीलाबाई आत पाणी तापवत होती. तिला बोलावले आणि पाचवे कलम मीच वाचून दाखवले. 

ती पदराला हात पुसत म्हणाली, "मला त्याच दिशी ठावं झालं व्हतं. पाळकसाहेबाच्या दाराशी चपला काढत व्हते मी. तुमचा आवाज काय बारीक हाय व्हय?"

"मग तीन वर्षं माझे पाय का धुतेस?"

"तुमचे हात पोचंनात म्हणून."

मी कागद सहीसाठी वकिलांपुढे सरकवला. 

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक वकील झाले; ठरलेले दुसरे गृहस्थ आज फर्दापूरला लग्नाला गेले आहेत, म्हणून लीलाबाई म्हणाली, "म्या करते की सही." वकिलांनी सावध केले : साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, घंगाळ हातचे जाईल. ती म्हणाली, "जाऊ द्या. माझ्या घरात ते ठिवावं तरी कुठं? पर त्याच्यावरचं नाव तेवढं घासून काढा. आन् यंदा बाई पहिल्या खुर्चीवर बसायच्या नाय."

"मग मी कुठं बसू?"

"स्टुलावर. बाराव्या खुर्चीवर म्या बसते, माझे पाय तुम्ही धुवा. वाकाया येत नाय तर माझे पाय अन् घंगाळ, दोन्ही बाकड्यावर ठिवू."

"सगळे बघतील गं."

"बघू द्या की. मला गाळलेलं बी सगळ्यांनी बघितलं व्हतं."

म्हणून कलम ५ मधली घंगाळाची वाटणी रद्द करते, माफी कायम ठेवते, आणि पुढीलप्रमाणे ठरवते.

कलम ७. सोमवारी घंगाळ गुलमंडीत नेऊन नाव काढून घ्यावे. पुढे ते चर्चमध्येच राहील. पाळकसाहेबांशी मी आत्ताच फोनवर बोलले. बाकीच्या अकरा खुर्च्यांसाठी लहानसे भांडे आणायची परवानगी त्यांनी भीत भीत मागितली, मी दिली. घंगाळ बाराव्या खुर्चीपुरते. यंदाच्या त्या गुरुवारी, दोन एप्रिलला, तिथे बसणाऱ्या लीलाबाईचे पाय मी धुवीन आणि तिला गाळल्याचे कारण खोटे होते हे उभी राहून सांगेन. त्याआधी माझे काही बरेवाईट झाल्यास हे दोन्ही मोनिकाने करावे. ही जबाबदारी वारसाहक्काने तिच्याकडे जाते. वज्री, खोबरेल यांपैकी काही लीलाबाईने आदल्या दिवशी वापरू नये, ही विनंती. भेगा आहेत तशा मला दिसल्या पाहिजेत.

सर्व कलमे दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून, समजून, चष्मा पुसून सही केली.

रत्नमाला पारखे
छत्रपती संभाजीनगर, शनिवार, १४ मार्च २०२६

साक्षीदार १ : ॲड. राजेंद्र खरात

साक्षीदार २ : लीलाबाई येशुदास पारखे
(सहीखाली त्यांच्याच हाताने : गुरुवारी पाणी कोमट ठेवा.)