नंदीच्या कपाळावरचा गेलेला रंग

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

शिवाजी पेठ, कोल्हापूर
कार्तिक वद्य पंचमी, सन १९९८

सौ. दानम्मा हीस, शिवकृपेने अखंड सौभाग्य असो.

प्रवास सुखरूप झाला. दमाही शांत आहे. तुझ्या गुडघ्याला तेल लावून द्यायला शेजारची कोणी येते ना?

आपल्या घरची चित्रांची पोथी येथील चित्रकार बाळासो यांना दाखवली. भिंगातून पाहताच त्यांनी हात जोडले. तीनशे वर्षांपूर्वी ज्याने हे सोने आणि हिंगूळ कागदावर चढवले, त्याने आपले नाव कोठेही लिहिलेले नाही.

नंदीच्या कपाळावरचा रंग गेलेला पाहून ते म्हणाले, "आजोबा, भस्माच्या बोटांनी घासलंय की हे! नवा रंग भरून देऊ?"

मी नको म्हटले. आपली लेक शिवलीला लहानपणी ही पोथी ऐकताना देवाला सोडून नंदीलाच भस्म लावी, हे त्यांना कसे सांगावे? ती देवाघरी गेल्यापासून तूही तेथेच बोट टेकवतेस.

चित्रातल्या हिरव्या रंगाने कागद आतून खाल्ला आहे. बाळासो म्हणाले, "काचेत घातलं तर पुढच्या पिढ्या बघतील. पण मग कुणी हात लावायचा न्हाय. लावला तर तुकडं पडतील."

त्या अनाम चित्रकाराचा मी अपराधी ठरेन, हे जाणूनही काचेला नकार दिला आणि पोथी बासनात बांधून घेतली. उद्याच्या एस.टी.ने चंदगडला घरी यायला निघतो.

ते पान आपण दोघे असेपर्यंत टिकले, तरी पुरे.

शुभं भवतु.

गुरुसिद्ध