तिच्या फोनचं लोकेशन

मंगळवार, सरावली

कान अजून घणघणतोय. ते हेल्मेट डोळ्यांपुढून जात नाही.

संध्याकाळी माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात एक माणूस बायकोचा फोन घेऊन आला. ती पायरीवरच थांबली. तो म्हणाला, "रूट नाय करायचं, आतलं सॉफ्टवेअर नाय बदलायचं, सेटिंगमदूनच कर. ही कुठं जाते ते मला दिसलं पायजे. आन् हिला ते बंद करता नाय आलं पायजे."

मी म्हणालो, "फोन त्यांचा आहे. त्या सांगतील तसं करीन."

त्याने हातातलं हेल्मेटच फिरवलं. आधी काउंटरची काच फुटली, मग ते माझ्या कानावर बसलं. मीही कॉलर धरून त्याचं डोकं शटरवर आपटलं. एकदा पुरे होतं ना? मी पुन्हा आपटलं. रक्त आलं तेव्हा बरंही वाटलं. शेजारच्या पंक्चरवाल्याने आम्हाला सोडवलं आणि त्याला घट्ट धरून ठेवलं.

तेव्हा तिने काचांमध्ये पडलेला फोन उचलला, पदराने पुसला आणि त्याच्या देखत मला विचारलं, "दादा, यानं आदीच कायतरी चालू केलंय. ते बंद कुठून होतं?"

मी सेटिंग उघडून दाखवलं. बटण तिनेच दाबलं आणि समोरच्या रिक्षात जाऊन बसली.

कुठे गेली, ते मी विचारलं नाही.