व्हरमाँटमधलं माझं आवडतं झाड

तीर्थस्वरूप शशिकांतमामांस,

यतीनचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामीचं बीपी ताळ्यावर असेल अशी आशा. आम्ही पार्सिपनीला घरी सुखरूप परतलो. सुखरूप म्हणजे गाडी सुखरूप आहे, माझं डोकं अजून गरगरतंय.

त्याचं असं झालं. इथे ऑक्टोबरात पानगळीआधीचे जंगलांचे लाल-पिवळे रंग टिपायला लोक मैलोन् मैल ड्राइव्ह करतात. हिमानीने नवा कॅमेरा घेतलाय, म्हणून लग्नाच्या बाविसाव्या वाढदिवसाला आम्ही व्हरमाँटला गेलो. पाच तास. वाटेत जागोजागी माणसं ट्रायपॉड लावून गप्प उभी. मला वाटलं, वाघ निघणार असेल. (अर्धा तास थांबलो. नाही निघाला.) हिमानी सारखी म्हणत होती, बघ ना, डोंगर नुसता पेटलाय. मला तो शेणाने सारवल्यासारखा दिसत होता, पण चांगल्या दिवशी कशाला बोला, म्हणून वा, वा म्हणत राहिलो. खरं सांगतो मामा, मला वाटलं सगळेच शिष्टाचार म्हणून वा, वा करतायत. शेवटी तिने कॅमेरा माझ्या हातात दिला आणि तुला सगळ्यात आवडलेलं झाड टिपून दे म्हणाली. मी तब्येतीत वीस फोटो काढले. ते बघून आमची लेक अनिका म्हणाली, "बाबा, दॅट्स द ओन्ली ग्रीन वन."

गाडीत हिमानीने कॅमेरा पिशवीत टाकला. मग म्हणाली, "बावीस वर्षं तू माझ्यासोबत आहेस, पण बघत कधी काही नाहीस."

फार लागलं हो ते. घरी आल्यावर अनिकाने मला फोनवर ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायला लावले. मला नुसते ठिपके दिसले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, लाल आणि हिरवा मला जन्मापासून सारखेच दिसतात. (सिग्नलला वरचा दिवा लागला की थांबायचं, एवढं मला येतं.) दोष आईच्या घराण्यातून येतो म्हणे, पण त्याबद्दल माझा राग नाही. हिमानीला डॉक्टरांचं पटलंय. ते वाक्य मात्र तिने अजून मागे घेतलेलं नाही.

तुमचा भाचा,
यतीन

ता. क. मामी तुम्हाला टोमॅटो का आणू देत नाही, ते आता कळलं.

ता. ता. क. पत्राचं खरं कारण. बघण्याच्या कार्यक्रमात कोणत्या रंगाची साडी होती, असं हिमानी दरवर्षी विचारते आणि मी दरवर्षी चॉकलेटी सांगून फसतो. तुम्ही आठवू नका, मामीला विचारून कळवा. बाकी सगळं मला आठवतंय. चहा देताना हिमानी हळूच म्हणाली होती, "साखर विसरलेय, तोंड वाकडं करू नका." मी दोन कप प्यालो.